कुलूप, किल्ली आणि वहिवाट

जेरुसलेमच्या जुन्या शहरात रोज पहाटे चारच्या सुमारास एक दार उघडतं. ते उघडायला आतून तीन ख्रिस्ती पंथांचे धर्मबंधू लागतात आणि बाहेरून दोन मुसलमान घराणी. येशूला जिथे क्रुसावर चढवलं, जिथे पुरलं आणि जिथून तो पुन्हा उठला असं ख्रिस्ती जग मानतं, त्या जागेवरच्या ‘चर्च ऑफ द होली सेपल्कर’चं, म्हणजे पवित्र कबरीच्या चर्चचं, हे दार. रात्री त्याला बाहेरून कुलूप लागतं आणि काही धर्मबंधू रात्रभर आतच राहतात. पहाटे दाराच्या फळीतली छोटी खिडकी आतून उघडते आणि तिच्यातून एक लाकडी शिडी बाहेर सरकवली जाते. बाहेरचा माणूस ती दाराला टेकवून वर चढतो, कारण दाराला कुलपं दोन आहेत आणि वरच्या कुलपापर्यंत हात पोचत नाही. किल्ली लोखंडी, फूटभर लांब. ती सांभाळायची जुदेह घराण्यानं आणि कुलपात फिरवायची नुसैबेह घराण्यानं. ज्याच्या ताब्यात किल्ली तो दार उघडत नाही आणि दार उघडणाऱ्याच्या घरी किल्ली जात नाही. आतल्या ग्रीक, लॅटिन आणि आर्मेनियन मंडळींच्याही पाळ्या ठरलेल्या आहेत.

पर्यटकांना ही हकीकत सर्वधर्मसमभावाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. सन ६३८ च्या सुमारास शहर मुसलमानांच्या हाती आलं, तेव्हा धर्माध्यक्ष सोफ्रोनियस यांनी खलिफा उमर यांना चर्च दाखवलं. नमाजाची वेळ झाली, पण उमर यांनी आत नमाज पढला नाही. आज मी इथे पढलो तर उद्या माझे लोक या जागेवर हक्क सांगतील, असं म्हणून ते बाहेर गेले. परंपरा असं सांगते आणि नुसैबेह घराणं आपला मान त्याच काळापर्यंत मागे नेतं. चर्चसमोर उमर यांच्या नावाची मशीद आहे, ती मात्र ११९३ ची, सलाउद्दीनच्या मुलानं बांधलेली.

गोष्ट सुंदर आहे, पण अर्धीच आहे. ११८७ मध्ये सलाउद्दीननं क्रुसेडरांकडून शहर घेतलं, तेव्हा हे चर्च पाडून टाका असा सल्ला देणारेही दरबारात होते. त्यानं तो मानला नाही. चर्चला शेजारीशेजारी दोन दारं होती, त्यांतलं उजवीकडचं त्याच्या काळात चिणून टाकलं गेलं. ते आजही तसंच चिणलेलं आहे. एकच दार आणि एकच किल्ली ठेवली की आत कोण गेलं, किती गेले आणि किती देऊन गेले हे सगळं कळतं. पुढची कितीतरी शतकं युरोपातून आलेल्या यात्रेकरूला आत जाण्यासाठी कर भरावा लागे. दारातून शिरताच डाव्या हाताला मुसलमान राखणदारांची बैठक असे, तिथे गाद्यालोडांवर बसून ही वसुली चाले. १८३० च्या दशकात इजिप्तच्या इब्राहिम पाशानं ती बंद केली. तेव्हा ही किल्ली सौहार्दाची होती तेवढीच जकात नाक्याचीही होती. आणि खरं सांगायचं तर ख्रिस्ती पंथांनाही ती व्यवस्था सोयीची होती. किल्ली मुसलमानाकडे राहिली तर चालेल, पण शेजारच्या पंथाकडे जाता कामा नये, यावर सगळ्यांचं एकमत होतं. बहुधा तेवढंच एक.

जुनं शहर एक चौरस किलोमीटरहूनही लहान आहे. एवढ्याशा जागेत ज्यूंची पश्चिम भिंत आहे, तिच्या वरच्या अंगाला मुसलमानांचा हरम अल्-शरीफ, त्यात अल्-अक्सा मशीद आणि सातव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिलेला सोनेरी घुमट. तिथून पायी थोड्याच अंतरावर हे चर्च. तीन धर्म इथे एकमेकांशी भांडले हे जगाला माहीत आहे. पण या शहराची भांडण सांभाळायची जी खास रीत आहे, ती घडली मुख्यतः एकाच धर्माच्या घरात आणि एकाच छपराखाली.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, ३३५ मध्ये, पहिल्या चर्चचं पवित्रीकरण झालं. ६१४ मध्ये इराण्यांनी ते जाळलं आणि १००९ मध्ये फातिमी खलिफा अल्-हाकिमनं पाडलं. बायझंटाइन सम्राटाच्या पैशानं ते पुन्हा उभं राहिलं. आज दिसतो तो साचा क्रुसेडरांचा, ११४९ चा. मालकी मात्र खोलीखोलीनं वाटलेली आहे. मधलं मोठं दालन ग्रीक ऑर्थोडॉक्सांचं. गोल्गथाच्या, म्हणजे क्रुसाच्या जागेच्या, टेकाडावर एक वेदी ग्रीकांची, तर तिला खेटून असलेली लॅटिनांची, म्हणजे रोमन कॅथलिकांची. त्यांच्या वतीनं फ्रान्सिस्कन धर्मबंधू चौदाव्या शतकापासून ठाण मांडून आहेत. तळघरातली संत हेलेनाची वेदी आर्मेनियनांची. कबरीच्या पाठीला चिकटलेली एवढीशी खोपटी कॉप्टांची, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची. त्यांच्या समोरच्या कोनाड्यात सिरियन उपासना करतात. त्या कोनाड्याच्या भिंती काळवंडलेल्या आणि पोपडे सुटलेल्या आहेत, कारण त्याची मालकी आर्मेनियनही सांगतात आणि दोघांच्या वादात तिथे चुन्याचा हात फिरत नाही. इथिओपियन राहतात गच्चीवर, त्यांची हकीकत शेवटी.

ही वाटणी एका दिवसात झाली नाही. ऑटोमन काळात कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात ज्याचं वजन, त्याच्या पदरात फर्मान पडे. सतराव्या शतकात महत्त्वाच्या जागा लॅटिनांकडून ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून लॅटिनांकडे फिरत राहिल्या. फ्रान्सचा वकील आला की एक चक्र फिरे, ग्रीक दुभाष्यांनी वजिराचे कान भरले की दुसरं. १७५७ मध्ये झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये दंगल झाली आणि सुलतान तिसऱ्या उस्मानचं फर्मान निघालं. त्यात बऱ्याच जागा ग्रीकांकडे गेल्या. आजच्या वाटणीचा पाया तोच.

मग १८०८ ची आग. कबरीवरचा मोठा घुमट कोसळला. युरोपातली कॅथलिक राष्ट्रं नेपोलियनच्या युद्धांत अडकलेली होती. ती संधी साधून ग्रीकांनी सुलतानाकडून दुरुस्तीची परवानगी मिळवली. लेस्बॉस बेटावरचा कोम्नेनोस नावाचा गवंडी-स्थापती आला आणि दोनेक वर्षांत त्यानं कबरीवरचं देऊळवजा छोटं बांधकाम नव्यानं उभं केलं. आज यात्रेकरू ज्याच्यापुढे रांग लावतात ते हेच. याच दुरुस्तीत जेरुसलेमच्या पहिल्या क्रुसेडर राज्यकर्त्यांच्या, गॉडफ्री आणि बाल्डविन यांच्या, समाध्या नाहीशा झाल्या. त्या लॅटिनांच्या होत्या. दुरुस्ती करता करता शेजाऱ्याचा इतिहास पुसता येतो, हे लॅटिनांच्या कायमचं लक्षात राहिलं.

भांडणं झाली की ती नुसती शाब्दिक राहत नसत. त्यातून गर्दीची भर. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरीतून पवित्र अग्नी बाहेर येतो. आधी कबर तपासतात, दाराला मेणाची मोहोर लावतात, मग ग्रीक धर्माध्यक्ष आत जातात आणि पेटलेल्या मेणबत्त्या घेऊन बाहेर येतात. हजारो हात ती ज्योत घ्यायला झेपावतात. १८३४ मध्ये या सोहळ्याला खुद्द इब्राहिम पाशा हजर होता. चेंगराचेंगरी झाली, शेकडो माणसं मेली आणि पाशा स्वतः कसाबसा बाहेर पडला.

१८४७ मध्ये जवळच्या बेथलेहेमात येशूच्या जन्मस्थानी बसवलेली चांदीची चांदणी चोरीला गेली. तिच्यावर लॅटिन अक्षरं होती. लॅटिनांनी ग्रीकांकडे बोट दाखवलं. फ्रान्सनं सुलतानाशी झालेले १७४० चे करार बाहेर काढले, रशियानं १७७४ चा तह. दोन महासत्तांनी सुलतान अब्दुल मजिदला दोन बाजूंनी ओढायला सुरुवात केली. त्यानं १८५२ मध्ये फर्मान काढून सांगितलं की आता जे जसं आहे ते तसंच राहील. त्यानं रशियाचं समाधान झालं नाही. पुढच्याच वर्षी क्रिमियाचं युद्ध पेटलं. कारणं अर्थातच मोठी होती. काळा समुद्र होता, दुबळं ऑटोमन साम्राज्य होतं. पण शाळेच्या पुस्तकात ज्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल दिवा घेऊन फिरते, त्याच्या कागदपत्रांत ही चांदणी आणि बेथलेहेमच्या दाराची किल्ली आहे. १८७८ च्या बर्लिनच्या तहात युरोपच्या सत्तांनी सह्या केल्या की पवित्र स्थळांच्या बाबतीत ‘जैसे थे’ मध्ये कसलाही बदल होणार नाही.

आता प्रश्न असा की ‘जैसे थे’ म्हणजे नेमकं काय? फर्मानात प्रत्येक खिळ्याची यादी नाही. वहिवाट हाच दस्तऐवज. जेरुसलेमात काम केलेल्या कस्ट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९२९ मध्ये हे सगळं एका पुस्तिकेत लिहून काढलं आणि आजही वाद झाला की तिचा हवाला दिला जातो. त्यातलं तर्कशास्त्र वाचण्यासारखं आहे. छत किंवा फरशी दुरुस्त करण्याचा अधिकार ज्याचा, ती जागा त्याची. खांबाला दिवा किंवा तसबीर टांगण्याचा अधिकार ज्याचा, तो खांब त्याचा. म्हणून कोणी कोणाला दुरुस्ती करू देत नाही. कोकणातल्या सामाईक घराची कौलं गळत असतात आणि भाऊबंद ती शाकारू देत नाहीत, कारण शाकारणारा उद्या मालकी सांगेल. इथे तेच, फक्त भाऊबंदांच्या मागे फ्रान्स आणि रशिया उभे. काम अगदीच तातडीचं असेल तर ते सरकारनं स्वतः करावं, म्हणजे कोणाचाच हक्क वाढत नाही, अशी पळवाट त्यातून निघाली.

झाडू मारणं हाही हक्कच. चर्चसमोरच्या अंगणात उजव्या हाताला काही पायऱ्या चढून लॅटिनांचं एक छोटं प्रार्थनाघर आहे. पायऱ्या लॅटिनांच्या, अंगणाच्या झाडलोटीचा मान ग्रीकांचा. सगळ्यात खालची पायरी अंगणात धरायची की जिन्यात? १९०१ च्या नोव्हेंबरात या एका पायरीच्या केरावरून ग्रीक आणि फ्रान्सिस्कन धर्मबंधूंमध्ये हाणामारी झाली. अनेक जण जखमी झाले आणि प्रकरण परदेशी वकिलातींपर्यंत गेलं. बेथलेहेमात तर अलीकडे, २०११ च्या डिसेंबरात, नाताळनंतरच्या साफसफाईत ग्रीक आणि आर्मेनियन धर्मबंधूंनी एकमेकांवर केरसुण्या उगारल्या आणि पॅलेस्टिनी पोलिसांना मध्ये पडावं लागलं.

मुख्य दारावरच्या खिडकीखाली, कठड्यावर, एक साधी लाकडी शिडी टेकवलेली आहे. अठराव्या शतकातल्या चित्रांतही ती दिसते. खिडकी आर्मेनियनांकडची. शिडी कोणी, कशासाठी ठेवली याच्या अनेक गोष्टी सांगतात. ती काढायला सगळ्यांची संमती हवी, म्हणून ती तिथेच आहे. १९९७ मध्ये कोणीतरी ती पळवून लपवली होती, पण ती सापडली आणि परत जागेवर ठेवली गेली. या शिडीची छायाचित्रं इतकी झाली आहेत की तिच्याकडे पाहताना आतल्या काळवंडलेल्या भिंतींकडे कोणाचं लक्ष जात नाही. शिडी गमतीची आहे. भिंती नाहीत.

डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश सेनापती अ‍ॅलनबी याफा वेशीतून पायी शहरात आला. लंडनला त्यानं जी तार केली, तिच्यात दोन व्यवस्था आवर्जून कळवल्या आहेत. हरम अल्-शरीफच्या भोवती भारतीय मुसलमान अधिकारी आणि शिपायांचा पहारा बसवला आहे आणि पवित्र कबरीच्या चर्चच्या दाराशी असलेल्या वंशपरंपरागत राखणदारांना, खलिफा उमर यांच्या औदार्याची आठवण म्हणून, आपलं काम चालू ठेवायला सांगितलं आहे. म्हणजे ख्रिस्ती सैन्यानं सातशे वर्षांनी शहर घेतलं आणि किल्ली मुसलमान घराण्याकडेच ठेवली. दुसरं काही करायला गेलं असतं तर ती कोणत्या पंथाकडे द्यायची हा प्रश्न दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता.

ब्रिटिशांनी ‘जैसे थे’ची हीच फूटपट्टी पश्चिम भिंतीला लावली, आणि तिथे ती फार महाग पडली. भिंत आणि तिच्यासमोरची अरुंद गल्ली मुसलमानांच्या वक्फची होती. ज्यू तिथे शतकानुशतकं प्रार्थना करत आले होते. ऑटोमन काळातच ठरलं होतं की तिथे खुर्च्या, पडदे आणायचे नाहीत, कारण आज खुर्ची आली की उद्या बाक येईल आणि परवा देऊळ उभं राहील. १९२८ च्या योम किप्पुरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, स्त्रीपुरुषांच्या मध्ये धरायला ज्यूंनी एक पडदा लावला. मुसलमानांनी तक्रार केली आणि ब्रिटिश पोलिसांनी ऐन प्रार्थनेत तो काढला. वर्षभर तणाव वाढत गेला. १९२९ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद इथे दंगली उसळल्या. १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. एक कापडी पडदा हे त्याचं कारण नव्हतं. जमीन कोणाची आणि देश कोणाचा हा वाद तोपर्यंत पेटलेलाच होता. पण एकाच देवाला भजणाऱ्या धर्मबंधूंची पायरीवरची भांडणं मिटवायला जी रीत पुरली, ती दोन राष्ट्रं होऊ पाहणाऱ्या लोकांना पुरणार नव्हती, हे तेव्हा स्पष्ट झालं. चौकशी मंडळ बसलं. १९३१ मध्ये हुकूम निघाला की मालकी मुसलमानांची, प्रार्थनेचा हक्क ज्यूंचा, बाकं-पडदे नकोत आणि शोफार हे शिंगही फुंकायचं नाही.

१९६७ च्या युद्धात जुनं शहर इस्रायलच्या हातात आलं आणि काही दिवसांतच भिंतीसमोरची मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या, लोकांची वस्ती पाडून तिथे मोठं पटांगण करण्यात आलं. भिंतीपुरतं ‘जैसे थे’ त्या बुलडोझरखाली संपलं. वर हरमवर मात्र संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी ते राखलं. कारभार वक्फकडे राहिला. इतरांनी पाहायला यावं, पण प्रार्थना करू नये. तीही व्यवस्था आता वर्षागणिक कुरतडली जाते आहे.

चर्चमध्ये मात्र इस्रायलनं जुनीच घडी चालू ठेवली. तिथली दुरुस्तीची कथा ऐकली की हसावं की रडावं कळत नाही. ११ जुलै १९२७ च्या भूकंपानं इमारत खिळखिळी झाली. ब्रिटिशांनी आधाराला लोखंड आणि लाकूड लावलं. १९४७ मध्ये कबरीवरच्या छोट्या बांधकामाला चारी बाजूंनी लोखंडी तुळयांचा पिंजरा घातला, तात्पुरता म्हणून. तो सत्तर वर्षं राहिला. १९५० च्या दशकात पंथांनी मोठ्या डागडुजीला होकार दिला, खांब आणि कमानी बदलल्या, घुमटाचं आतलं काम १९९७ मध्ये पुरं झालं. पण कबर सगळ्यांची, म्हणून ती शेवटी. २०१५ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी ती जागा धोकादायक ठरवून काही तासांसाठी बंद केली आणि आतल्या धर्मबंधूंना बाहेर काढलं. ही मात्रा लागू पडली. सरकार दार लावू शकतं हे दिसल्यावर पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिन्ही पंथांच्या सह्या झाल्या.

काम अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाकडे गेलं, अंतोनिया मोरोपुलू यांच्या नेतृत्वाखाली. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी कबरीवरची संगमरवरी फरशी सरकवली गेली. ती किमान सोळाव्या शतकापासून हलली नव्हती. खाली मातीचा भर निघाला, मग आणखी एक जुनी, क्रूस कोरलेली फरशी आणि तिच्याखाली चुनखडीच्या खडकात कोरलेला ओटा. साठ तासांत सगळं पाहून, नमुने घेऊन कबर पुन्हा बंद करायची अशी अट होती आणि ती पाळली गेली. पुढे चुन्याच्या तपासणीत एका थराचं वय साधारण ३४५ सालाच्या आसपासचं निघालं, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या पहिल्या चर्चशी जुळणारं. मार्च २०१७ मध्ये पिंजरा उतरला. २०२२ मध्ये त्याच तीन पंथांनी चर्चच्या सगळ्या फरशीचं काम हाती घेतलं.

आता गच्चीवर. हेलेनाच्या वेदीच्या घुमटाभोवती मातीच्या रंगाच्या बुटक्या खोल्या आहेत. तिथे इथिओपियन धर्मबंधू राहतात. जागेचं नाव देर अस्-सुलतान. ती कॉप्ट आपली म्हणतात आणि इथिओपियनही. इथिओपियन सांगतात की १८३८ च्या साथीत त्यांचे सगळे धर्मबंधू मेले, कागदपत्रं जाळली गेली आणि मागोमाग कॉप्ट शिरले. १९७० च्या ईस्टरच्या रात्री कॉप्ट खाली प्रार्थनेत असताना इथिओपियनांनी वरच्या वाटेवरची कुलपं बदलली. कॉप्ट कोर्टात गेले. १९७१ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं किल्ल्या कॉप्टांना परत द्या असा निकाल दिला, पण मूळ हक्काचा विचार करायला सरकारला मुभा ठेवली. सरकारनं मंत्र्यांची समिती नेमली. त्या वेळी इजिप्त शत्रू होता आणि इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी मित्र. समितीनं कधीच निर्णय दिला नाही.

हक्क बुडू नये म्हणून कॉप्ट आपला एक माणूस तिथे बसवून ठेवतात. २००२ च्या जुलैमध्ये त्या माणसानं उन्हाचा तडाखा सोसवेना म्हणून आपली खुर्ची सावलीत सरकवली. इथिओपियनांच्या लेखी ते आक्रमण होतं. मारामारीत ११ जण इस्पितळात गेले. २०१७ मध्ये तिथल्या प्रार्थनाघराच्या छताचा दगड निखळला. दुरुस्ती आम्हीच करणार असं कॉप्ट म्हणाले, सरकार म्हणालं आम्ही करू. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये वाट अडवून बसलेल्या कॉप्ट धर्मबंधूंना इस्रायली पोलिसांनी उचलून बाजूला केलं, एकाला धरून नेलं आणि इजिप्तच्या परराष्ट्र खात्यानं निषेध केला. १९७१ चा निकाल रद्द झालेला नाही, तसा तो अमलातही आलेला नाही. किल्ल्या इथिओपियनांकडेच आहेत.